एक सरळ, एक वाकडा

ओरखडा न घेता टेकडी उतरून आलेला माणूस मुळात टेकडीवर गेलाच नव्हता, असं माझ्या आईच्या मामांचं ठाम मत आहे; आणि या मताचा दुसरा माणूस अख्ख्या पुण्यात कोणी दाखवला, तर मी आजवर वाटलेली आंदोलनांची सगळी पत्रकं दारोदार फिरून परत घ्यायला तयार आहे. या शहरात टेकडीवर जाणारे काय कमी आहेत? पहाटे पांढरे बूट घालून जातात, मनगटावरच्या घड्याळाला पावलं दाखवत जातात, वर पोचल्यावर गोल करून हसण्याचा व्यायाम करतात आणि जसे गेले तसे कोरे करकरीत परत येतात. मामाआजोबा गेले की परत येतात ते बाहीला फांदी अडकलेली, धोतरासारखी फाटलेली पँट, केसांत कुसळं आणि चेहऱ्यावर लग्नात जेवून आल्यासारखं समाधान, अशा अवस्थेत. "नुसतं वर जाऊन खाली यायचं तर जिना आहे की घरात," असं ते म्हणतात. त्यांचं घर कोथरूडला चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टही आहे, हा भाग वेगळा.

त्यांचं प्रेम काटेरी झुडपांवर आहे. झाडांवर नाही. वड, पिंपळ, गुलमोहर वगैरे मंडळींना ते "पुढारी" म्हणतात. त्यांच्याबद्दल त्यांना राग नाही, पण त्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत असं त्यांना वाटतं. त्यांचा जीव आहे तो बोर, हेंकळ, करवंद, रिंगणी, निवडुंग असल्या लोकांवर, ज्यांच्या सावलीत कोणी बसत नाही आणि ज्यांचं नाव कोणी सोसायटीतल्या इमारतींना देत नाही. टेलिफोन खात्यात असताना त्यांचं कामच असं होतं की, जिथून तार जायची तिथली झुडपं आधी तोडून घ्यायची. तोडायची म्हणून बघितली, बघितली म्हणून ओळख झाली, आणि ओळख झाल्यावर तारच जरा वळवून न्यायची सवय लागली, असं मामीआजी सांगते. मामीआजी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांच्या प्रत्येक शर्टावर तिच्या हातचे टाके आहेत. "शिंप्यानं एकदा शिवला, मी दर आठवड्याला शिवते," ती म्हणते, "तरी नाव शिंप्याचं."

सदाशिव पेठेत खोली घेऊन मी शिकायला राहिले, तेव्हापासून रविवारचं जेवण त्यांच्याकडे ठरलेलं आहे. पहिल्याच रविवारी दार उघडल्यावर त्यांनी मला आत घेण्याआधी माझा हात उजेडात धरला आणि म्हणाले, "ही घाणेरी आहे. बारीक खरवड. कुठं घुसली होतीस?" मी एका नाल्याच्या काठी कचऱ्याचे फोटो काढून आले होते आणि काठावर खरंच घाणेरी माजलेली होती. मामाआजोबांना ओरखडा वाचता येतो. हेंकळीचा काटा लांब आणि सरळ, त्यामुळे तो ओरखडत नाही, खोल ठिपका देऊन जातो आणि संध्याकाळी तिथं ठणकतं. बोरीचे काटे जोडीनं असतात. एक सरळ, एक वाकडा. सरळ टोचतो, वाकडा फाडतो, म्हणून बोरीच्या खुणेत एक ठिपका आणि शेजारी एक रेघ. खैराचे दोन्ही काटे वाकडे, म्हणून दोन रेघा शेजारी शेजारी, रेल्वेच्या रुळांसारख्या. हे ज्ञान त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण ते लिफ्टमध्ये परक्या माणसांचे हात वाचतात. तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणानं बायकोला ऑफिसात उशीर झाला म्हणून सांगितलं होतं, आणि मामाआजोबांनी तिच्यादेखत त्याचं मनगट बघून "वा, करवंद! कात्रजच्या वरच्या अंगाला गेला होतात का?" असं कौतुकानं विचारलं. तेव्हापासून त्या घरातली माणसं जिन्यानं जातात.

काट्यांचा उपयोग ते ज्या गोष्टींसाठी करतात, त्याला शहरात सोय म्हणतात की उपद्रव, हे सोसायटीच्या बैठकीत कधीच ठरलं नाही. कबुतरांचा त्रास सगळ्यांना आहे. बाकीच्यांनी माणूस बोलावून गॅलरीला नायलॉनची जाळी ठोकून घेतली आणि स्वतःच पिंजऱ्यात बसले. मामाआजोबांनी कठड्यावर बोरीच्या फांद्या आडव्या बांधल्या. कबुतरं आली, बघून गेली आणि शेजारच्यांकडे राहायला गेली. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर कायम एक फांदी असते, त्यामुळे खाली गप्पा मारणारी मुलं ती सोडून इतर सगळ्या गाड्यांवर रेलतात. सोसायटीच्या मागच्या भिंतीशी रस्त्यावरचे लोक उभे राहायचे, तिथं पाटी लावू या असं सर्वानुमते ठरलं, पाटीच्या मजकुरावर तीन बैठका झाल्या, 'कृपया' घालायचं की नाही यावर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. तोवर मामाआजोबांनी भिंतीच्या कडेनं रिंगणी लावून टाकली होती. पाट्यांवर त्यांचा विश्वास नाही. "पाटी वाचावी लागते," ते म्हणतात. "काटा अशिक्षितालाही समजतो आणि शिकलेल्यालाही." रिंगणीचा आणखी एक उपयोग म्हणजे दाढदुखीवर तिच्या बियांची धुरी. ती त्यांनी एकदा पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना दिली. दाढेचं काय झालं ते कळलं नाही, कारण जिन्यात नवीनच बसवलेला आगीचा भोंगा वाजला आणि सगळी इमारत मुलाबाळांसकट खाली उतरली. हेडमास्तर टॉवेल डोक्यावर घेऊन सगळ्यात शेवटी आले आणि "आता बरं आहे" म्हणाले.

बसमध्ये त्यांना नेहमी जागा मिळते. एकदा आम्ही कात्रजहून येत होतो, गर्दी अशी की कंडक्टरलाही उतरून पुढच्या दारानं चढावं लागत होतं. मामाआजोबांच्या हातात काटेरी फांद्यांचा भारा होता. ते चढले आणि मागची अख्खी बाकडी रिकामी झाली. कंडक्टर लांबूनच म्हणाला, "आजोबा, या झाडाचं तिकीट घ्यायला लागेल." मामाआजोबा शांतपणे म्हणाले, "घ्या की. पण ज्येष्ठ नागरिकाचं घ्या. या रस्त्याला बोर माझ्या आधीपासून आहे."

काट्यांना अर्थ असतो, हा त्यांचा सिद्धांत. फुलांना अर्थ लावणारे लोक चटकन सापडतात, दुकानंच आहेत त्यांची. काट्यांना अर्थ लावणारे हे एकटे. काटा म्हणजे वैर नव्हे, काटा म्हणजे 'इथपर्यंत' असं सांगणं, असं ते म्हणतात. झुडूप नाहीही म्हणतं आणि फळ देऊन होही म्हणतं, आणि दोन्ही एकाच फांदीवरून म्हणतं. माणसाला एवढं स्पष्ट बोलता आलं तर निम्मी कोर्टं बंद पडतील. हा सिद्धांत घरात ठेवला असता तरी चाललं असतं. पण माझ्या मावसबहिणीच्या लग्नात, 'आहेर आणू नये' असं पत्रिकेत छापलेलं असल्यामुळे, ते चंदेरी कागदात गुंडाळलेली बोरीची फांदी घेऊन गेले. गुच्छ समजून वराच्या आईनं ती पुढे होऊन घेतली. जे व्हायचं ते झालं. मंगल कार्यालयात बँडेड शोधण्यात अर्धी पंगत उठली. मामाआजोबा मात्र नवरा-नवरीला समजावत होते: "एक सरळ, एक वाकडा. संसाराला दोन्ही लागतात." ते लग्न अजून टिकून आहे. त्याच कार्यालयात त्याच महिन्यात गुलाबांवर झालेल्या लग्नांचं काय झालं, ते मी सांगत नाही.

आणखी एक सवय, जिचा अर्थ मला बरेच दिवस लागत नव्हता. सोसायटीच्या पार्किंगमधून जाताना एका ठरावीक जागी, अध्यक्षांची गाडी लागते तिथं, मामाआजोबा डोकं वाकवतात. वर काही नाही. ना पाइप, ना तार, ना फांदी; चांगलं उघडं आभाळ. आपल्याच विचारात चालता चालता ते तिथं वाकतात, दोन पावलांनी सरळ होतात आणि बोलणं पुढे चालू ठेवतात. अध्यक्षांचा समज असा होता की, म्हातारा आपल्या गाडीला नमस्कार करतो. त्यांना ते आवडत असावं.

आता या सगळ्यात हसण्यासारखी नसलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे इमारतीमागचा उतार. टेकडीचा हा तुकडा सोसायटीच्याच मालकीचा. खडकामुळे बिल्डरला बांधता आला नाही म्हणून उरलेला. त्यावर बोरीची आणि हेंकळीची मिळून अशी जाळी माजलेली होती की, कुत्रंसुद्धा वळसा घालून जायचं. मामाआजोबा रोज सकाळी तिथं जायचे. गेल्याच्या गेल्या वर्षी सोसायटीनं ठरवलं की सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर श्रमदान करायचं, जेसीबी सांगून ती 'घाण' काढून टाकायची आणि तिथं नक्षत्रवन करायचं. प्रत्येक नक्षत्राचं एक झाड, प्रत्येक झाडाखाली संगमरवरी पाटी, मधून फरसबंद वाट आणि शेवटी बसायला सिमेंटचं बाकडं. माणसाला डोंगर दिला तरी त्याला त्यात बाकडंच दिसतं, हे माझं मत मी तेव्हाही लिहिलं होतं आणि आताही लिहिते. झाड तोडायचं तर निदान परवानगी मागावी लागते, तक्रार करता येते. झुडपाला कसला कायदा नाही. झुडूप म्हणजे कागदावर नसलेली वस्ती. सकाळी यंत्र आणा, दुपारी सपाट करा, संध्याकाळी फोटो टाका.

मी दोन दिवसांत पत्रक तयार केलं, पेठेतून झेरॉक्स काढून आणलं आणि पहिली प्रत मामाआजोबांना दिली. मला वाटलं होतं, ते खूश होतील. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि सही करायला नकार दिला. म्हणाले, यात झाडं सात वेळा आली आणि झुडूप एकदाही नाही. शिवाय 'हिरवागार उतार' असं लिहिलंयस. तो उतार वर्षातले किती महिने हिरवा असतो? जो बारा महिन्यांतले आठ महिने पिवळा, करडा आणि काटेरी असतो, त्याला तो आहे तसा वाचवायचा तर तसं लिही. नाहीतर लोक हिरवळच लावतील आणि तुझंच पत्रक दाखवतील. मी चिडले. चिडणं हे माझ्या कामाचाच भाग आहे. पण दुसरं पत्रक मी काढलं ते त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आणि त्याचा परिणाम असा झाला की, पहिल्या पत्रकावर सह्या करणार होते तेही म्हणाले, काटे वाचवायचे? कशासाठी?

संक्रांत आली. अध्यक्षांच्या नातवाचं पहिलं बोरन्हाण होतं. त्यांची सून नागपूरकडची, हिंजवडीला नोकरी करणारी, सरळ बोलणारी मुलगी. तिला खरी बोरं हवी होती. छोटी, आंबट, रानातली. बाजारात मिळतात ती सफरचंदाएवढी. आदल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या बाळावर तीच ओतली होती आणि ते बिचारं पहिल्या मुठीलाच असं किंचाळलं की, त्याला बोरन्हाणाऐवजी डॉक्टरकडे नेलं. सून मामाआजोबांकडे येऊन म्हणाली, "आजोबा, तुम्हीच आणू शकाल असं सगळे म्हणतात." मामाआजोबांनी आपला सगळ्यात जुना शर्ट घातला. सोसायटीतल्या बहुतेक पोरांच्या अंगावर त्यांनीच आणलेली बोरं पडलेली आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. पोरांच्या आयांना ती कुठून येतात हे माहीत नव्हतं. मंडईतून, असं त्या समजत होत्या.

बाळ काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसलं होतं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे असं सगळं त्याच्या डोक्यावरून ओघळलं, तेव्हा ते रडलं नाही, वर बघून आणखी मागायला लागलं. मोठी मुलं वेचायला तुटून पडली. अध्यक्ष प्रसन्न होते. आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते की, सव्वीस तारखेला या बाळाच्या हातून नक्षत्रवनातलं पहिलं झाड लावायचं आहे. बाळाचं नक्षत्र मृग, मृगाचं झाड खैर. नर्सरीत सांगून ठेवलंय, लांबून येतोय, फार मिळत नाही म्हणाले.

मामाआजोबा कोपऱ्यात बसून तिळाची वडी खात होते. त्यांनी विचारलं, "खड्डा कुठं घेताय?"

"तिथंच हो काका, वर. ती काट्यांची जाळी आहे ना, तिच्या मधोमध. जागा उंचावर आहे, सगळ्यांना दिसेल."

मी तोंड उघडलं होतं. संपूर्ण दुसरं पत्रक मला पाठ होतं. मामाआजोबांनी माझ्या हातावर त्यांच्या वाटणीची वडी ठेवली आणि अध्यक्षांना एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. चपला नको, बूट घाला."

अध्यक्ष आले ते मुलानं परदेशातून पाठवलेलं फुगीर जॅकेट घालून. थंडी होती. जाळीत शिरायला एक वाट आहे, ती मामाआजोबांनाच दिसते. ते पुढे, मी मध्ये, अध्यक्ष मागे. थोडं आत गेल्यावर मागून फर्रर्र आवाज आला. बोरीनं जॅकेटचा दंड धरला होता. अध्यक्षांनी हात पुढे ओढला, तशी दुसऱ्या फांदीनं पाठ धरली. त्यांनी पाठ ओढली, तशी तिसरीनं टोपी काढून घेतली. जॅकेटाच्या आतून पांढरी पिसं बाहेर येऊन उतारावर तरंगायला लागली. सोसायटीचा अध्यक्ष बोरीच्या जाळीत पिसं सोडत उभा आहे, हे दृश्य बघायला मी कितीतरी बैठका फुकट घालवल्या होत्या. मला हसू येत होतं. पण मामाआजोबा हसले नाहीत. डॉक्टरसारखे जवळ गेले.

"ओढू नका. ओढलं की तो घट्ट धरतो. मागं या. त्याच्याकडे या."

"अहो, मागं काय? फाटेल सगळं."

"पुढं गेलात म्हणून फाटतंय. वाकडा काटा आहे, ओढून सुटत नाही. एक पाऊल त्याच्या बाजूला या, तो आपण होऊन सोडेल."

अध्यक्ष भीत भीत एक पाऊल मागे आले. काटा सुटला. आणखी एक आले, पाठ सुटली. त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळाच भाव होता. आपल्याला कोणीतरी सोडून दिलंय असा. मग मामाआजोबांनी जाळीच्या मधोमध एका खुरट्या, कंबरेएवढ्या, असंख्य फांद्यांच्या गुंत्याकडे बोट दाखवलं आणि हा कोण म्हणून विचारलं. काटेरी झुडूप, अध्यक्ष म्हणाले.

"खैर आहे हा. तुमच्या नातवाचा. लांबून आणायची गरज नाही, इथंच राहतो."

अध्यक्षांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "पण हा झाडासारखा दिसत नाही."

"दरवर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही माळ्याला पाठवून छाटून घेता. दिसेल कसा?"

खैर तोडून त्याच खड्ड्यात विकतचा खैर लावायचा, तोही समारंभानं, लहान मुलाच्या हातून! असली चूक करायला माणूस शिकलेलाच लागतो, त्याला पंचांग वाचता यायला लागतं आणि त्याच्या घरासमोर टेकडी असावी लागते. ती आमच्याच गावात होऊ शकते. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी टोपी उचलली, बाकीची पिसं आत कोंबली आणि खाली उतरले. संध्याकाळी जिन्यात सूचना लागली की, नक्षत्रवृक्ष असल्याकारणाने व सभासदांच्या धार्मिक भावना लक्षात घेता, वरील जाळीस कोणीही हात लावू नये. खालच्या पट्ट्यात नक्षत्रवन झालंच. बाकडंही आलं, संगमरवरी पाट्याही आल्या. पाट्यांच्या खाली जी झाडं लावली होती, त्यातली बरीचशी पहिल्याच उन्हाळ्यात गेली. पाट्या आहेत.

मला याचा राग आला होता आणि अजून आहे. जे काम कायद्यानं व्हायला हवं, समजुतीनं व्हायला हवं, ते पत्रिकेतल्या नक्षत्रानं व्हावं? त्या रविवारी मी मामाआजोबांना भर जेवणात विचारलं की, तुम्ही हे मानता तरी का. ते म्हणाले, मानत नाही. मग, मी म्हटलं, ही लबाडी झाली. त्यांनी ताक संपवलं. "अगं, तू सरळ काटा आहेस. तू टोचत जा, त्याची गरज आहे. वाकड्याचं काम माझ्याकडे राहू दे. फांदीवर दोघं शेजारीच असतात."

ते हात धुवायला गेले, तेव्हा मामीआजीनं कपाटातून एक बरणी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. वाळवलेली बोरं होती. त्यांची मुलगी परदेशात असते. नातीचं बोरन्हाण तिकडे फोनवर दाखवलं. बोरं मिळत नाहीत म्हणून त्या लोकांनी निळी कसलीशी फळं ओतली, आणि मामाआजोबा फोनसमोर बसून मान हलवत होते. इथून पाठवायची सोय नाही, बी असलेलं काही तिकडे नेऊ देत नाहीत. म्हणून ते दरवर्षी थोडी वाळवून ठेवतात, ती येईल तेव्हा म्हणून. ती उन्हाळ्यात येते, घाईत येते, बरणी राहून जाते. मग मामीआजी त्याचं बोरकूट करून टाकते.

"तिचं स्वतःचं बोरन्हाण ज्या बोरीच्या बोरांनी झालं ना," मामीआजी टाका घालता घालता म्हणाली, "ती खालीच होती. आम्ही राहायला आलो तेव्हा उतार पार रस्त्यापर्यंत यायचा. आता तिथं अध्यक्षांची गाडी लागते. ती बोर खाली वाकलेली होती, तिच्याखालून जाताना डोकं वाकवायला लागायचं."

पत्रकात घालता येईल असं त्यात काही नव्हतं.

या वर्षी मामाआजोबांचे गुडघे बसले. लिफ्टपर्यंत येतात, गॅलरीत बसतात, कठड्यावरच्या बोरीच्या फांद्या वाळल्या की बदलायला सांगतात. गॅलरी रस्त्याच्या बाजूला आहे, तिथून उतार दिसत नाही. अध्यक्ष बदलले. नवीन अध्यक्षांना नक्षत्रांत गोडी नाही, त्यांना स्वच्छता आवडते. आणि पावसाळ्यानंतर वरच्या उताराकडून कोयत्याचा आवाज येत होता, असं मामीआजीनं मला दारातच हळू आवाजात सांगितलं होतं. मामाआजोबांनी कोणाला काही विचारलं नाही. मीही, उंबऱ्या उंबऱ्यावर जाऊन भांडणारी, वर जाऊन बघितलं नव्हतं. शहरात तेव्हा दुसरंच एक प्रकरण पेटलं होतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तळमजल्यावरची एक आई बोरं मागायला आली. मामाआजोबांनी माझ्याकडे बघितलं. मामीआजीनं त्यांचा जुना शर्ट आणून दिला, बाह्या माझ्या बोटांच्याही खाली येत होत्या. मी गेले. वाट सापडली नाही, मी आपली मुंडी खाली घालून शिरले आणि नेहमीप्रमाणे जोर लावला. बोरीनं धरलं. मी ओढलं. तिनं आणखी धरलं. मग मी थांबले, एक पाऊल मागे आले, तिच्या बाजूला, आणि तिनं सोडलं. पिशवी भरायला वेळ लागला. कुठल्या झुडपाचं नाव काय, हे मला अजूनही अर्धंच कळतं. सगळ्यांनीच सारखं फाडलं, एवढं मात्र सांगू शकते.

घरी आल्यावर पिशवी मी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझी बाही वर सारली आणि हात गॅलरीच्या उजेडात धरला. बोट फिरवत म्हणाले, ही बोर. ही बोर. ही हेंकळ, ही संध्याकाळी ठणकेल, हळद लाव. मग मनगटाच्या वर त्यांचं बोट थांबलं. तिथं दोन बारीक रेघा होत्या, शेजारी शेजारी.

"हा खैर," ते म्हणाले.

हात त्यांनी लगेच सोडला नाही.

"म्हणजे आहे अजून."